पायलटचं हेडिंग प्लॉटरवर आणताना: ॲक्टिसेन्स एनजीडब्ल्यू-१ कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

पुण्यात राहून बोट बाळगणाऱ्यांची अडचण ठरलेली आहे. बोट मुंबईत नाहीतर मांडव्याला पाण्यात, आणि हत्यारं, बाजार, कामाला बसायचं टेबल हे सगळं पुण्यात. बोटीवरचा जुना ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, पुढे नुसतं ‘पायलट’) ठणठणीत चालतो, त्याचं होकायंत्रही चांगलं असतं, पण नव्या प्लॉटरला, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या पडद्याला, बोटीची नाळ (पुढचं टोक) कुठे वळलीय, म्हणजे बोटीचं हेडिंग, कळत नाही. जीपीएस फक्त बोट कुठे सरकतेय ते सांगतं. मुंबई बंदरात ओहोटीची धार जोरात असली की नाळ एकीकडे आणि सरकणं भलतीकडे असतं. नांगरावर उभ्या बोटीला तर जीपीएसच्या दिशेचा काडीचा उपयोग नाही. रडारचं चित्र नकाशावर बसवायचं असेल, एआयएसवरून (आपली जागा आणि दिशा इतर बोटींना रेडिओने कळवणारी यंत्रणा) आपलं हेडिंग पाठवायचं असेल किंवा प्लॉटरवरची बोट योग्य बाजूला तोंड करून दिसायला हवी असेल, तर पायलटचं हेडिंग बाहेर काढावंच लागतं.

त्यासाठी सर्रास सुचवला जाणारा डबा म्हणजे ॲक्टिसेन्सचा एनजीडब्ल्यू-१. कंपनी इंग्लंडमधल्या पूल गावची. बोटीवरची यंत्रं एकमेकांशी दोन भाषांत बोलतात: जुनी एनएमईए ०१८३, साध्या वायरींवरची, आणि नवी एनएमईए २०००, सगळी यंत्रं एकाच केबलच्या जाळ्यावर जोडणारी. डबा ०१८३ ची वाक्यं २००० च्या संदेशांत बदलतो आणि उलटही करतो. काम चोख आहे, त्याबद्दल शंका नाही. पण तो मागवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना त्याची गरज नसते, आणि काहींना तो घेऊन उपयोगच होत नाही. म्हणून आधी पायलट बघा, डबा नंतर.

पायलटवर ०१८३ चं आउटपुट आहे आणि प्लॉटरवर ०१८३ चं इनपुट आहे, तर दोन वायरींत काम होतं आणि डब्याचे पैसे वाचतात. पायलट नवा आहे आणि थेट एनएमईए २००० वर बोलतो, तर एक टी-पीस (मुख्य केबलला फाटा काढणारा जोड) आणि एक ड्रॉप केबल (फाट्यापासून यंत्रापर्यंतची) पुरते. पायलट रेमरीनचा जुना टिलर पायलट (सुकाणूचा दांडा ढकलणारा) आहे, म्हणजे एसटी१०००प्लस किंवा एसटी२०००प्लस, तर मात्र सावध राहा. त्यांच्यावर एनएमईए ०१८३ लिहिलेलं असतं, पण ते फक्त आत येणाऱ्या माहितीसाठी. हेडिंग बाहेर पडतं ते सीटॉक-१ वर: लाल, पिवळी आणि जमिनीची अशी तीन वायरींची रेमरीनची स्वतःची पद्धत. एनजीडब्ल्यू-१ ला सीटॉक-१ कळत नाही. त्या पायलटला रेमरीनचाच ई२२१५८ हा कन्व्हर्टर लागतो. त्याच्या पिवळ्या सॉकेटमध्ये सीटॉक-१ जातं आणि दुसऱ्या बाजूने सीटॉक-एनजी म्हणजे एनएमईए २००० च्याच घरातली माहिती निघते. सीटॉक-१ आणि सीटॉक-एनजी या दोघांना आपापला वीजपुरवठा असेल तर सीटॉकची लाल वायर जोडायची नाही, उघडी न ठेवता टोक बंद करायचं. फुरुनोच्या जुन्या पायलटवर आणि हेडिंग सेन्सरवर एडी-१० नावाचं आउटपुट दिसतं. तेही ०१८३ नव्हे. ते क्लॉक आणि डेटा अशा वेगळ्या जोड्यांवर चालतं, दर २५ मिलिसेकंदांनी हेडिंग देतं आणि फुरुनोच्या रडारसाठीच आहे. ते एनजीडब्ल्यू-१ ला जोडून काहीच मिळणार नाही.

उरतो तो खरा गिऱ्हाईक: ज्याचा पायलट ०१८३ बोलतो आणि ज्याचा नवा प्लॉटर फक्त एनएमईए २००० ऐकतो. त्याच्यासाठी हा डबा (नवाच घ्यायचा तर त्याचा पुढचा अवतार एनजीएक्स-१, त्याबद्दल शेवटी) आम्ही बिनदिक्कत सुचवतो.

डब्याच्या एका अंगाला एनएमईए २००० चा पाच पिनांचा प्लग आणि दुसऱ्या अंगाला ०१८३ साठी उघड्या वायरी असतात. वीज एनएमईए २००० च्या बाजूनेच मिळते, वेगळा पुरवठा लागत नाही. रेमरीनच्या सीटॉक-एनजी जोडाचा एसटीएनजी प्रकारही निघतो. ज्यांच्याकडे सीटॉक-एनजीची केबल आधीच आहे त्यांनी तोच घ्यावा, एक ॲडॅप्टर वाचतो. आमच्या मते या डब्याचं सगळ्यात मोठं मोल आयसोलेशनमध्ये आहे, म्हणजे दोन बाजूंच्या वायरी विजेने एकमेकींना न जोडता माहिती पलीकडे नेण्यात. ०१८३ चं इनपुट ऑप्टो-कपलरमधून (प्रकाशाने माहिती पलीकडे नेणारा भाग) जातं आणि आउटपुटही विजेच्या दृष्टीने तोडलेलं आहे. पायलटला सुकाणू हलवायला मोठा करंट लागतो, तो ओढला की त्याच्या जमिनीच्या वायरीवर व्होल्टेज हलतं. स्वस्त, आयसोलेशन नसलेल्या कन्व्हर्टरमध्ये ही हालचाल सरळ डेटात उतरते. मग पायलट ‘ऑटो’वर गेला की हेडिंग अडखळतं आणि ‘स्टँडबाय’वर पुन्हा नीट येतं. लोक त्यासाठी सॉफ्टवेअरला दोष देत बसतात.

आता बाजार. केबल, फ्यूज होल्डर, फेरूल (वायरीच्या टोकावर दाबायची टोपी), हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), मल्टिमीटर हे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. हीट-श्रिंक घेताना आत गोंद असलेलं मागा, साधं घेऊ नका. केबल मात्र तिथे साध्या तांब्याची मिळते, आणि खाऱ्या हवेत साधं तांबं आतल्या आत काळं पडतं. टेबलावरच्या चाचणीला ती चालेल, बोटीत बसवायला टिन केलेल्या तांब्याचीच, पीळ घातलेली आणि शील्ड असलेली जोडी हवी.

पुण्यात एक सोय आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एनएमईए २००० चा मायक्रो जोड म्हणजे कारखान्यांत वापरला जाणारा एम१२, ए-कोड, पाच पिनांचा जोड, आणि पिनांची मांडणी डिव्हाइसनेट या कारखान्यांतल्या जाळ्यासारखीच आहे: १ शील्ड, २ धन (लाल), ३ ऋण (काळी), ४ कॅन-हाय (पांढरी), ५ कॅन-लो (निळी); शेवटच्या दोन डेटाच्या. भोसरी-चाकण पट्ट्यात ऑटोमेशनचं सामान विकणाऱ्यांकडे डिव्हाइसनेटच्या केबली, टी आणि टर्मिनेटर (जाळ्याच्या टोकांना लावायचे रोध) मिळतात. मागताना ‘डिव्हाइसनेट’ हा शब्द उच्चारायचाच. नुसतं ‘एम१२ पाच पिन’ म्हटलं की सेन्सरची केबल हातात येते: तपकिरी, पांढरी, निळी, काळी, करडी. तिच्यात डेटाच्या वायरींना वेगळा पीळ नसतो, आणि तिच्यातली निळी पिन ३ वर, म्हणजे ऋणावर असते. रंग बघून जोडणारा तिथेच फसतो. नट निकेल चढवलेल्या पितळेचा असेल तर केबिनच्या आत ठीक, उघड्यावर स्टेनलेस किंवा प्लास्टिकचाच.

टेबलावर छोटं जाळं उभं करायला तीन टी-पीस (वीज, डबा, प्लॉटर), दोन टर्मिनेटर आणि १२ व्होल्टचा सप्लाय पुरतो. विजेच्या वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज घाला. टर्मिनेटर १२० ओहमचे, दोन्ही टोकांना एकेक. वीज बंद ठेवून पिन ४ आणि ५ मध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहम आले की बरोबर. १२० आले तर एक टर्मिनेटर बसलेला नाही, ४० आले तर कुणीतरी तिसरा लावलाय. ही एवढी तपासणी करून मगच वीज द्या. बोटीत गेल्यावर एक ड्रॉप केबल ६ मीटरपेक्षा लांब नको, आणि सर्वांत दूरच्या टोकाला व्होल्टेज ९ च्या खाली जाता कामा नये.

०१८३ ची जोडणी हे या कामातलं सगळ्यात नाजूक कलम. बोलणारा एक, ऐकणारे अनेक, हा नियम. दोन बोलणारी यंत्रं एका जोडीवर कधीच जोडायची नाहीत, त्यासाठी मल्टिप्लेक्सर (अनेकांची वाक्यं एका तारेवर आणणारा डबा) लागतो. पायलटच्या आउटपुटला ए आणि बी असे दोन तार असतील तर ए ला ए, बी ला बी. मानकाप्रमाणे ओळ शांत असताना ए ही बी च्या मानाने ऋण असते. लाल प्रोब ए वर आणि काळी बी वर ठेवली की मीटर बहुतांश उणे दाखवतो आणि आकडा थरथरतो. आकडा थरथरत नसेल तर पायलट काही बोलतच नाहीये. अशा वेळी पायलटच्या मेनूत ०१८३ चं आउटपुट बंद आहे का ते आधी बघा. धन-ऋण अशी नावं मात्र वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या अर्थाने छापतात, आणि स्वस्त यूएसबी-आरएस४८५ ॲडॅप्टरवरचे ए-बी तर बरेचदा उलटे निघतात. पडद्यावर ओळींऐवजी विचित्र चिन्हांचा कचरा आला की दोन डेटा वायरी अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही.

जुन्या पायलटवर एकच डेटा वायर आणि जमीन असेल तर डेटा डब्याच्या इनपुटच्या ए ला, जमीन बी ला. उलट प्रसंग, म्हणजे पायलटवर ए-बी दोन्ही आहेत पण ऐकणाऱ्या यंत्राला एक डेटा वायर आणि जमीन आहे, तर ए डेटाला जोडा, दोन्ही यंत्रांच्या जमिनी एकत्र करा आणि बी मोकळी, टोक बंद करून ठेवा. बी जमिनीला टेकवली तर पायलटच्या आउटपुट चिपवर सतत ताण येतो. एनजीडब्ल्यू-१ ला हा प्रश्न येत नाही, कारण त्याचं इनपुट दोन्ही प्रकारचं घेतं. शील्ड एकाच टोकाला जोडा, शक्यतो पायलटकडे.

डबा बसवण्याआधी पायलट नक्की काय पाठवतो ते लॅपटॉपवर पाहा. ॲक्टिसेन्सचा एनएमईए रीडर फुकट मिळतो, ओपनसीपीएन या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्येही कच्च्या ओळी दिसतात. वेग ४८००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. ओळ डॉलर चिन्हाने सुरू होते. पहिली दोन अक्षरं कोण बोलतंय ते सांगतात: एचसी म्हणजे चुंबकीय होकायंत्र, एजी किंवा एपी म्हणजे ऑटोपायलट. पुढची तीन अक्षरं वाक्याचा प्रकार. एचडीजी म्हणजे चुंबकीय हेडिंग, सोबत डेव्हिएशन (बोटीवरच्या लोखंडामुळे, विजेमुळे होकायंत्रात येणारी चूक) आणि व्हेरिएशन (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक) यांसाठी जागा. एचडीएम म्हणजे फक्त चुंबकीय हेडिंग. एचडीटी म्हणजे खऱ्या उत्तरेपासूनचं. होकायंत्र हाताने सावकाश घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, आकडा वाढत ३५९ वरून शून्यावर जायला हवा. फ्लॅटमध्ये मात्र आकडा खरा आहे का हे तपासू नका. स्लॅबमधल्या सळ्या, फ्रिज, स्पीकर यांनी तो सहज हलतो. इथे फक्त आकडा फिरतो का आणि कोणत्या बाजूला फिरतो एवढंच बघायचं. आकडा खरा की खोटा हे मोकळ्या मैदानात किंवा खडकवासल्याच्या काठावर, गाडी आणि लोखंडी कठडे यांच्यापासून लांब.

याच वेळी एका सेकंदात किती ओळी येतात ते मोजा. पुढच्या सगळ्या अपेक्षा या आकड्यावर ठरतात. डबा एचडीजी, एचडीएम किंवा एचडीटी घेऊन एनएमईए २००० चा १२७२५० क्रमांकाचा संदेश बनवतो. त्या संदेशाचा ठरलेला वेग सेकंदाला १० वेळा आहे. पण पायलटच सेकंदाला एकदा बोलत असेल तर डबा नवी माहिती कुठून आणणार? नकाशावर बोट दाखवायला एकदा पुरतं. रडारचं चित्र नकाशावर बसवायला आणि रडारवरच्या लक्ष्यांचा मागोवा घ्यायला पुरत नाही: वळताना चित्र मागे राहतं, मग झटक्याने जागेवर येतं, आणि समोरची स्थिर बोय (पाण्यावरची तरंगती खूण) चालल्यासारखी दिसते. गायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) असलेल्या पायलट कॉम्प्युटरवर वेगवान हेडिंगची सोय असते, तीच चालू करा. सीटॉक-१ तर पूर्ण अंशांतच बोलतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर रडारचा विचार करू नये. ज्याला रडारच हवंय त्याने पायलटचं हेडिंग काढायच्या खटाटोपाऐवजी एनएमईए २००० चा स्वतंत्र हेडिंग सेन्सर घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

आता चुका कुठे होतात. सर्वांत जास्त होते ती चुंबकीय आणि खऱ्या हेडिंगची सरमिसळ. १२७२५० मध्ये हेडिंग कोणत्या उत्तरेपासूनचं आहे हे सांगणारा एक रकाना असतो. पायलटने एचडीएम दिलं तर व्हेरिएशन प्लॉटरला स्वतः काढावं लागतं. पायलटने एचडीजी दिलं पण व्हेरिएशनची जागा रिकामी सोडली, तरी तेच. मुंबईच्या आसपास व्हेरिएशन एका अंशाहून कमी आहे, त्यामुळे इथे ही चूक डोळ्यांत भरत नाही. बोट लांबच्या पाण्यात नेली किंवा तिथून आणली की तोच फरक कित्येक अंशांचा होतो. म्हणून पायलट आणि प्लॉटर दोन्हीकडे व्हेरिएशन ‘ऑटो’वर ठेवा, आणि एकाच ठिकाणी लागू होतंय ना ते बघा.

एआयएसचं वेगळं आहे. त्याला खरं हेडिंगच लागतं. नुसतं चुंबकीय दिलं तर तो ५११ पाठवतो. ५११ चा अर्थ ‘हेडिंग उपलब्ध नाही’. मग दुसऱ्यांच्या पडद्यावर आपलं चिन्ह दिशाहीन दिसतं. एआयएस ०१८३ वर असेल आणि पायलट एचडीटी देत नसेल, तर एनएमईए २००० वरून व्हेरिएशन मिळून डबा उलट बाजूला एचडीटी काढतो का, ते रीडरमध्ये प्रत्यक्ष पाहूनच जोडणी पक्की करा.

दुसरी चूक दोन हेडिंग स्रोतांची. प्लॉटरला डब्याकडून एक हेडिंग आणि सॅटेलाइट कंपास किंवा दुसऱ्या सेन्सरकडून दुसरं मिळत असेल, तर आकडा दोन किमतींमध्ये नाचतो. प्लॉटरच्या डेटा सोर्सच्या यादीत हेडिंगसाठी ‘ऑटो’ न ठेवता एकच नाव निवडा. डब्याचं नाव तिथे कंपनीच्या नावाने दिसतं, पायलटच्या नाही.

तिसरं, परतीची वाट. हा डबा दोन्ही दिशांनी चालतो, आणि त्याची अर्धी किंमत इथे वसूल होते: प्लॉटरवर मार्ग आखला की डबा तो एपीबी आणि आरएमबी या मार्ग सांगणाऱ्या वाक्यांत पायलटला देतो, आणि जुना पायलट नव्या प्लॉटरच्या मार्गावर चालतो. पण ४८०० वेगाच्या तारेतून सेकंदाला फक्त ४८० अक्षरं जातात. एचडीजीची एक ओळ साधारण २५ अक्षरांची. सेकंदाला १० ओळी म्हणजे अर्ध्याहून जास्त तार त्यातच गेली. परतीच्या तारेवर जाळ्यातलं वारा, खोली, जीपीएस आणि त्यात एआयएसची लांबलचक वाक्यं आली, की मुंबई बंदरासारख्या गर्दीत रांग लागते आणि पायलटला मार्गाची माहिती उशिरा मिळते. पायलट मग मार्गाच्या दोन्ही बाजूंना सापासारखा फिरतो. पायलट ३८४०० वेग घेत असेल तर डबा आणि पायलट दोन्ही त्यावर न्या. नसेल तर प्लॉटरवर ०१८३ चं आउटपुट आहे का पाहा आणि मार्गाची वाक्यं तिथून द्या. तेही नसेल तर एआयएस या जाळ्यातून बाहेर काढा. एनजीडब्ल्यू-१ चा खरा कमकुवतपणा हाच: सेटिंग बदलणं अवघड, कारण त्याच्या ०१८३ वायरी संगणकाला जोडायला वेगळा यूएसबी-आरएस४२२ ॲडॅप्टर लागतो. तो ॲडॅप्टर डब्याबरोबरच घ्या. नंतर मांडव्याला बसून तो शोधायची वेळ येऊ नये.

बोटीवर बसवल्यावर होकायंत्राचं स्विंग करायचंच. शांत पाण्यात, वारा नसताना, भरती-ओहोटीच्या उलटण्याच्या वेळी, दोन नॉटच्या खाली वेग ठेवून बोट सावकाश गोल फिरवा. एका गोलाला दोन मिनिटांहून कमी वेळ नको, आणि निदान दोन गोल हवेतच. रेमरीनच्या पायलटवर डेव्हिएशन १५ अंशांपेक्षा जास्त आलं तर होकायंत्राची जागा बदला, आकडा मान्य करून पुढे जाऊ नका. जवळून जाणाऱ्या विजेच्या धन-ऋण तारा एकत्र पीळ घालून न्या, स्पीकर आणि मोबाइल ठेवायचा कप्पा लांब करा. मगच ज्ञात खुणेवर, उदाहरणार्थ नकाशावरच्या दीपगृहाकडे नाळ धरून, उरलेला फरक पायलटच्या अलाइनमेंटमध्ये भरा. फरक आधी पायलटमध्ये, शेवटी रडारमध्ये. आधी रडारमध्ये भरला तर रडार बरोबर दिसतं आणि एआयएस चुकीचं हेडिंग पाठवत राहतं.

नवा घेणाऱ्यांसाठी: त्याच कंपनीचा एनजीएक्स-१ हा पुढचा डबा आलेला आहे आणि त्याची सेटिंग ॲक्टिसेन्सच्या टूलकिट सॉफ्टवेअरमधून बदलता येते. नवी खरेदी असेल तर तोच घ्या. जुना एनजीडब्ल्यू-१ कुणी बोटीवरून काढून विकत असेल आणि काम फक्त हेडिंग आणण्याचं असेल, तर तो घ्यायला हरकत नाही. घेताना वायरी कापून आखूड केलेल्या आहेत का ते बघा, निदान एक हात लांबी तरी शिल्लक हवी. प्लगच्या पाच पिनांवर हिरवी पुटं नसावीत. विकणाऱ्यासमोरच टेबलावरचं ते छोटं जाळं चालू करून प्लॉटरच्या यादीत डबा दिसतो का पाहा, आणि इनपुटवर लॅपटॉपमधून हेडिंगची एक ओळ पाठवून प्लॉटरवरचा आकडा हलतो का ते तपासा. यादीत दिसतो पण आकडा हलत नाही, आणि वायरी अदलाबदल करूनही हलत नाही, तर ऑप्टो-कपलर गेलेला असण्याची शक्यता दाट. तो डबा घेऊ नका.